बाराव्या मण्यावर

काल साडेसातला बेळगावात वडगावच्या कट्ट्यावर आम्ही चौघंच होतो. नारू आला नव्हता. त्यामुळं विषय त्याच्या आईचा निघणार हे ठरलेलंच. विन्यानं गाडी स्टँडवर लावता लावताच सुरुवात केली.

"चार दिवस काकूंनी गोळी घेतलेली नाही. स्ट्रिप तशीच पडून आहे."

"कुठली गोळी?" मोहनमामा.

"मॉर्फिनची हो. म्हणे गुंगी येते, नाव घेता येत नाही. चाळीस वर्षं गळ्यात माळ, दर साल पायी वारी, कांदा-लसूण बंद. आणि मिळालं काय? पित्ताशयाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला, चौथी स्टेज! अजून त्यालाच धरून बसायचं म्हणजे कमाल आहे."

बसू मेडिकलचं शटर ओढून नुकताच येऊन बसला होता. "तुझ्या गळ्यात तर माळ नव्हती," तो म्हणाला, "तुला काय मिळालं? शुगर."

विन्या चिडला, आम्ही हसलो. तेवढ्यात मामांनी फोन काढला. मामांचा फोन निघाला की कुठला तरी रामबाण उपाय येतोच. या खेपेला साखर बंद आणि हळद सुरू. साखर तोडली की गाठ उपाशी मरते म्हणे.

"गाठीच्या आधी म्हातारी उपाशी मरते, मामा," बसू म्हणाला. "दोन घास जात नाहीत तिला. आणि तुम्ही गप्प बसा. याच्या मुतखड्याला तीन महिने कुळथाचं पाणी पाजलंत, शेवटी ऑपरेशन झालं ते झालंच."

"ते पाणी त्यानं नियमानं घेतलं नव्हतं!"

"घेतलं होतं! सकाळ-संध्याकाळ!" विन्या उभाच राहिला. मुतखड्यावरून दहा मिनिटं गेली. ती लिहीत नाही.

मला मात्र विन्याचं बोलणं लागलं होतं, कारण रविवारी मी येळ्ळूरला जाऊन आलो होतो. काकूंची खाट खिडकीला लावलीय. बाहेर बासमती लोंबीला आलाय, वाऱ्याबरोबर वास थेट उशीपर्यंत येतो. काकूंचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. पदराखाली हात आणि हातात माळ. मी बसलो तेव्हा ओठ हलत होते, मग एकदम थांबले. कपाळावर घाम आला. जरा वेळानं बोट परत मेरुमण्यावर.

"बारा होतात बघ एका दमात," त्या म्हणाल्या. "तेराव्याला कळ येते. मग मोजणी चुकते, परत पहिल्यापासून."

बरं वाटावं म्हणून मी काहीबाही बोललो. पांडुरंग बघतोय वगैरे. त्यांनी मला थांबवलं. "मी त्याला बरं कर म्हणून कुठं मागतेय? दिंडीत माझ्याबरोबर चालणाऱ्या किती जणी गेल्या. मला तेवढं शुद्धीत जायचंय, त्याचं नाव तोंडात असताना."

हे मी कट्ट्यावर जसंच्या तसं सांगितलं. विन्याला म्हटलं, तू ज्याला खूळ म्हणतोस त्यात सौदा नाहीच. रिपोर्ट आल्या दिवशी घरात रडारड झाली तेव्हा सुनेला जवळ घेऊन बसली होती ती हीच बाई. केमो नको हेही तिनंच डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून, नीट समजून घेऊन ठरवलं. असली श्रद्धा मी जवळून बघितली, तिला कुणी हसलेलं मला चालणार नाही.

विन्या खाली बघत राहिला. बोलला बसू.

"बारा मण्यांवर थांबतात म्हणालास?"

"हो."

"मग नाव कोण तोडतंय? गोळी का कळ?"

कुणाजवळच उत्तर नव्हतं.

"गुंगी असते पहिले दोन-तीन दिवस. बहुतेकांची मग उतरते. नाही उतरली तर डॉक्टर डोस बदलतात. पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यावं लागतं. आणि नियमानं घ्यायची, कळ आल्यावर नव्हे. यांनी एक दिवस घेतली, झोप लागली, घाबरून बंद केली. असंच करतात सगळे."

"पण व्यसन?" मामा.

"दुखण्यासाठी मोजून दिली तर त्याला व्यसन म्हणत नाहीत, मामा. तुमच्या तंबाखूला म्हणतात."

मग बसू त्याच्या अप्पांवर आला. एवढ्या वर्षांत हे त्यानं कधी काढलं नव्हतं. अप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. घशाचा कॅन्सर, २००९ साल. "अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं मॉर्फिन ठेवायलाच हॉस्पिटलं भ्यायची, परवान्यावर परवाने. २०१४ ला कायदा बदलला, मग मान्यता असलेल्या हॉस्पिटलांत मिळायला लागली. मॉर्फिन जिच्यापासून होतं ती अफू आपल्याच देशात पिकते, नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्यानं. आणि माझा अप्पा रात्रभर 'यल्लव्वा, यल्लव्वा' करत होता. शेजारीण म्हणायची, केवढी भक्ती! भक्ती कुठली? दुखत होतं त्याला."

समोरून अनगोळची बस गेली. मामांनी फोन खिशात घातला.

शांतता विन्याला सोसत नाही. तो एकदम योजनेवर घसरला. महाराष्ट्रानं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली २०२३ मध्ये, नारूनं कागद का केले नाहीत, इकडचं सरकार अडवतं, तिकडचं नुसतं जाहीर करतं...

"तुमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे," बसू म्हणाला. "काकूंकडं तेवढा वेळ नाही."

"तुमचा म्हणजे? तू काय बेंगळूरचा?"

"मी वडगावचा. एक नोव्हेंबरला, राज्योत्सवाला, तू काळी फीत बांध, मी सुट्टी घेतो. आता नारूला फोन लाव."

फोन स्पीकरवर टाकला. नारूनं तो आईच्या कानाला लावला.

"काकू, मी बसू. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली गोळी घ्या. झोप फार आली तर सकाळी नारू त्यांना विचारेल. पण सोडू नका. बाराच्या पुढं जायचं असेल तर घ्या."

पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग बारीक आवाज आला, "पहाटे काकड्याला जाग येईल काय रे?"

"नाही आली तर मी येऊन उठवतो."

"तू?" काकूंचा आवाज एकदम चढला. "मर्दा, दहा वाजल्याबिगर तुझं शटर उघडत नाही!"

विन्या कट्ट्यावरून घसरायचाच बाकी होता. मामांना हसता हसता ठसका लागला, बसू कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. काकूही पलीकडं हसत होत्या. त्यातच मागून नारूचा आवाज आला, "आई, पाणी आणू?"