ऑक्सिजनवाचूनचे ऑक्सिडीकरण

परीक्षा जवळ आल्या की रसायनशास्त्राचे एक टिपण हमखास फिरू लागते: ‘ऑक्सिजन जोडला गेला की ऑक्सिडीकरण, निघून गेला की क्षपण, ऑक्सिडकाचे ऑक्सिडीकरण होते, द्रावणाचा रंग बदलला की अभिक्रिया रेडॉक्स (ऑक्सिडीकरण व क्षपण दोन्ही घडणारी) समजावी.’ पाठ करायला हे सोपे आहे खरे, पण उत्तर हमखास चुकवणारे आहे.

पहिले विधान खोटे नसले तरी फार अपुरे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ज्वलनाचा उलगडा ऑक्सिजनच्या आधारे केला आणि त्या मूलद्रव्याचे नाव या क्रियेला कायमचे चिकटले; ही क्रिया मुळात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण आहे हे तेव्हा कळणे शक्य नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ मध्ये. जस्ताची पट्टी कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस-काळपट थर धरू लागतो आणि निळा रंग हळूहळू फिका पडतो, कारण जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून आयनरूपाने, म्हणजे विद्युत्प्रभारित होऊन, द्रावणात उतरतो, आणि तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचा आयन धातुरूपाने पट्टीवर बसतो. इलेक्ट्रॉन गमावणे हे ऑक्सिडीकरण, ते स्वीकारणे हे क्षपण. ‘सल्फेटमध्ये ऑक्सिजन आहेच की’, ही पळवाट येथे चालत नाही. सल्फेट आयन आधी होता तसाच शेवटी राहतो, आणि कॉपर क्लोराइड घेतले तरी तांबे बसतेच. पाण्यातील ऑक्सिजनकडे बोट दाखवायचे असेल, तर सोडिअम क्लोरीन वायूत जळताना पाहावे: तेथे ऑक्सिजनचा मागमूस नसतो, तरीही सोडिअमचे ऑक्सिडीकरण होते. उलट, कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो ऑक्सिजन असलेले पाणी सामावून घेतो, रटरटून तापतो, आणि तरीही एकाही अणूचा ऑक्सिडीकरणांक, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले असे मानायचे तो अंक, बदलत नाही.

दुसऱ्या विधानाने तर कर्ता आणि कर्म यांचीच अदलाबदल केली आहे. ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण घडवणारा पदार्थ; तो दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून क्षपण त्याचे स्वतःचे होते. वरच्या उदाहरणात तांब्याचा आयन हा ऑक्सिडक आहे.

राहता राहिला रंग. पोटॅशिअम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात अल्कली मिसळला की ते पिवळे होते, पण क्रोमिअमचा ऑक्सिडीकरणांक आधीही +६ आणि नंतरही +६. याउलट हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन होताना रंग कोठेच दिसत नाही, केवळ बुडबुडे उठतात. आणि त्यातील ऑक्सिजनचा -१ हा अंक पाण्यात -२, तर बुडबुड्यांत ० झालेला असतो.