टाचांची साल खरवडण्याआधी

पुण्यात पहाटेचा गारठा सुरू झाला की हवा कोरडी होते, टाचा उलतात आणि फोनवर तोच निरोप फिरू लागतो: ‘सात दिवसांत टाचा लोण्यासारख्या! रोज रात्री कढत पाण्यात खायचा सोडा घाला, दोन लिंबं पिळा, अर्धा तास पाय बुडवा. सुटलेली साल ब्लेडनं काढा. व्हॅसलीन लावू नका, छिद्रं बुजतात. साल जाते ती अंगातल्या उष्णतेनं.’

सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्यानं गेल्या हिवाळ्यात हे सगळं जसंच्या तसं केलं. तिला मधुमेह आहे. पाणी किती कढत आहे ते पायांना कळलंच नाही. सकाळी चादर ओली लागली म्हणून पाहिलं, तर टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड फुटलेला. जखम भरायला दोन महिने लागले. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सोडा-लिंबू. दोन्ही एकत्र आले की फसफसतं, आणि मळ सुटतोय असं वाटतं. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा जास्त पडला तर पाणी अल्कधर्मी होतं. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो, तो अशानं आणखी कोरडा पडतो. लिंबू जास्त झालं तर भेगांत आग होते. आणि अर्धा तास कढत पाणी? त्वचेतला उरलासुरला ओलावाही जातो. पाच-दहा मिनिटं कोमट पाणी पुष्कळ झालं.

ब्लेड तर हातातही घेऊ नका. जाड कातडी किती खोल आहे ते वरून दिसत नाही, आणि खालच्या जिवंत त्वचेला चीर गेली की तिथून जंतू शिरतात. आपली न्हाणीघरातली वज्री चालते, पण ओल्या पायावर, हलक्या हातानं, आठवड्यातून एक-दोनदा. मधुमेह असेल तर तीही नको. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात तसा घामही कमी येतो, त्यामुळे पाय जास्त कोरडे पडतात. म्हणजे ज्यांच्या टाचा जास्त फुटतात, त्यांनाच हा निरोप सगळ्यात घातक.

व्हॅसलीनबद्दलचं तर साफ उलटं आहे. तळव्याला तेलग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या ग्रंथी असतात. वरून स्निग्ध काही लावलं नाही तर ओलावा टिकणार कशानं? पाय धुऊन, टिपून, किंचित दमट असतानाच लावा आणि सुती मोजे घाला. कोकणातल्या घरांत कोकमाचं तेल लावतात, तेही हेच काम करतं. कातडी फार राठ असेल तर युरियाचं क्रीम आणा, १० ते २५ टक्क्यांचं. उघड्या भेगेवर मात्र ते झोंबतं. बोटांच्या बेचक्यात यातलं काहीच नको, तिथे कोरडंच हवं.

राहिली उष्णता. या एका शब्दाखाली काय काय दडतं! करंगळीच्या बेचक्यात पांढरट, ओलसर साल आणि खाज म्हणजे बहुधा चिखल्या, बुरशीचा संसर्ग. अख्ख्या तळव्यावर पिठासारखी बारीक साल, तीही एकाच पायाला जास्त आणि सोबत नखं पिवळी, तरीही बुरशीचाच संशय घ्यावा. तिथे नुसत्या तेलानं भागत नाही. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलचं मलम लागतं, आणि साल दिसेनाशी झाली तरी सांगितलेले दिवस पुरे करावे लागतात. दुकानातून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं तर खाज थांबते आणि बुरशी पसरते. लाल चट्ट्यांवर जाड खपल्या धरत असतील तर सोरायसिसही असू शकतो. भेगेतून रक्त किंवा पू आला, भोवती लाली चढली, किंवा मधुमेह असताना साधी चीर जरी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आत्या आता पाण्यात आधी कोपर बुडवून बघते, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. रात्री हातात छोटा आरसा घेऊन दोन्ही तळवे पाहते, आणि टाचेच्या कडेला, त्या फोडाच्या जागी, जरा जास्त वेळ थांबते.