निऑन लपून बसतात, या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही आमच्या दुकानाला पाचपैकी एकच तारा दिलात आणि लिहिलंत, की दुकानात चमचमणारे चार निऑन टेट्रा घरी नेल्यापासून प्लास्टिकच्या झाडामागे दडून बसलेत, रंग उडालाय, खातही नाहीत, म्हणजे आम्ही आजारी मासे गळ्यात मारले. पैसे मोजूनही पोरांचा हिरमोड झाला की राग येणारच. सोबत टाकीचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत, त्यावरूनच बोलतो.

आधी आमची चूक. निऑन हा थव्यानं राहणारा मासा. सहापेक्षा कमी देऊच नयेत, दहा असतील तर उत्तम. तुम्ही चार मागितलेत आणि आमच्या मुलानं चार बांधून दिले. टाकी घरात कुठे ठेवणार, हेही विचारलं नाही. मी त्या दिवशी भुसावळला गेलो होतो, पण दुकान माझं आहे, तेव्हा चूकही माझीच.

फोटोत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पर आखडलेले नाहीत. मला ते आजारी नाहीत, भेदरलेले वाटतात. भेदरला की निऑनची निळी पट्टी फिकी पडते. रात्री दिवा मालवल्यावरही ती फिकी पडते, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या रंग पाहून घाबरू नका.

तुमचा प्रश्न रास्त आहे, की मग दुकानात कसे चमकत होते? आमच्या काउंटरवरही दिवसभर गर्दी असते. पण त्या टाकीत साठ-सत्तर निऑन एकत्र आहेत, मागची आणि दोन्ही बाजूंची काच काळी आहे, तळाला काळी खडी आहे. माशाला फक्त समोरून जग दिसतं. तुमची टाकी बुटक्या टीपॉयवर, चारही बाजूंनी उघडी, खाली पांढरी खडी, वर भगभगीत एलईडी, आणि शेजारी घरघंटी! नऊ माणसांचं घर, म्हणजे घरघंटी रोज चालत असणार. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिच्यानं त्याला पाण्यातली बारीक थरथरही कळते. आपल्याला घरघर ऐकू येते, त्याला ती अंगभर जाणवते. काचेवर मारलेली टिचकीही तशीच. आणि टाकी बुटकी असली की माणूस वरून वाकतो. ओढ्यातल्या माशावर बगळा आणि खंड्या वरूनच झडप घालतात, म्हणून वरून सावली पडली की तो आधी पळतो.

निऑन मूळचा अॅमेझॉनकडच्या जंगलातल्या ओढ्यांचा. तिथे झाडांची दाट सावली असते, पाणी पालापाचोळ्यानं बऱ्याचदा फिक्या चहासारखं झालेलं असतं. तसा थोडा अंधार त्याला घरात द्यायचा. टाकी घरघंटीपासून आणि दारापासून लांब, भिंतीला टेकवून, लहान मुलांच्या छातीइतक्या उंचीवर भक्कम स्टँडवर ठेवा. हलवण्याआधी पाणी शक्य तितकं कमी करा, भरलेली टाकी उचलली तर काच तडकू शकते. मागे आणि एका बाजूला काळा कार्डशीट चिकटवा, वीस-तीस रुपयांत काम होतं. मागच्या कोपऱ्यात झाडी दाट करा, पुढची जागा मोकळी ठेवा. लोकांना वाटतं, लपायला जागा दिली तर मासे दिसणारच नाहीत. उलट, दोन वितींवर आडोसा आहे हे कळलं की निऑन बिनधास्त पुढे येतो. देशी बदामाचं झाडावरून गळालेलं वाळकं पान धुऊन पाण्यात सोडा, एक पुरे. अशी झाडं आपल्या जळगावात किती आहेत!

दिवा एकदम लावू नका. आधी हॉलचा लावा, दहा मिनिटांनी टाकीचा. जागा बदलल्यावर पहिले दोन दिवस टाकीचा दिवा बंदच ठेवा. खाणं रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात, चिमूटभर, आणि शक्यतो एकाच माणसानं द्यावं. धाकट्या मुलीला हे काम द्या, मग टिचक्या आपोआप थांबतील. श्रावणात घरी कानबाई देवी बसेल, घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा समोरच्या काचेवर दिवसभर पातळ ओढणी टाकून ठेवा. उन्हाळ्यात पाणी अठ्ठावीस अंशांच्या वर जायला लागलं तर झाकण काढून जाळी लावा आणि पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्या. बर्फ टाकू नका.

एक शंका मात्र उरते. नव्या टाकीत अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारं विष, साठला तरी मासे असेच मलूल होतात आणि खाणं सोडतात. म्हणून टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत पाव लिटर घेऊन या, तुमच्यासमोर तपासतो, पैसे नाहीत. पाणी चांगलं निघालं तर आणखी चार निऑन आमच्याकडून. बिघडलेलं निघालं तर ते सुधारेपर्यंत एकही मासा देणार नाही, तुम्ही मागितला तरी. मासे परतच करायचे असतील तर तेही घेऊ, पूर्ण पैसे देऊ. मधेच मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी या. सोमवारी दुकान बंद असतं, पण आम्ही वरच राहतो, हाक मारा.