शेंबडाचा रंग बघून अँटिबायोटिक घेऊ नका

पाऊस लागला की आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "नाकातून पिवळं-हिरवं आलं म्हणजे सायनसमध्ये बॅक्टेरिया झाला. एक्स-रे काढा, अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घ्या. थांबलात तर मेंदूपर्यंत जातं." मी डॉक्टर नाही. ऐरोलीत मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतल्या दवाखान्यांची कागदपत्रं दिवसभर वाचते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला बिलासाठी ठरलेला कोड देते. त्यात सायनसचा हा आजार सारखा येतो, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी रंग. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्येच एक हिरवट एन्झाइम असतं, त्यामुळे साध्या व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा होतो. डॉक्टर दिवस मोजतात. १० दिवस झाले तरी उतार नाही, किंवा सुरुवातीपासून सलग ३-४ दिवस १०२ ताप आणि त्यासोबत पुवासारखा स्राव किंवा गालात ठणका, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा उलटलं, तर बॅक्टेरियाचा संशय घ्यायचा. मोठ्यांच्या शंभर सर्दींत अशा फार तर दोन निघतात.

शिकाऊ असताना रंगावरून निदान ठरवायची चूक मीही केली होती. कागदावर होतं, "चौथा दिवस, घट्ट पिवळा स्राव, ताप नाही." मी जे०१.९० टाकला, म्हणजे अ‍ॅक्यूट सायनसायटिस, सायनसची अचानक आलेली सूज. ऑडिटमध्ये तो परत आला. डॉक्टरांनी निदान लिहिलं होतं वरच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचं, त्याचा कोड जे०६.९. गालाच्या पोकळीतला सायनसायटिस असं स्पष्ट लिहिलं तरच जे०१.००. ओपीडीच्या कागदावर "सायनसायटिस असावा" एवढंच असेल, तर आम्ही फक्त लक्षणांचे कोड देतो. जंतूचा कोड वेगळा, आणि तो डॉक्टरांनी जंतूचं नाव लिहिल्याशिवाय लागत नाही. बिलाच्या कागदावर जे गृहीत धरता येत नाही, ते मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून कसं ठरवायचं?

एक्स-रेचं म्हणाल तर साध्या सर्दीतही सायनस भरलेले दिसतात. व्हायरस की बॅक्टेरिया, हे त्यातून कळत नाही.

अझिथ्रोमायसिनचा मला खरंच राग येतो. सायनसच्या नेहमीच्या जंतूंपैकी न्यूमोकॉकस या औषधाला बराच निर्ढावलाय, म्हणून २०१२ सालीच अमेरिकेच्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने, आयडीएसएने, अंदाजाने सुरू करायच्या औषधांतून ते बाद केलं. खरोखर गरज असेल तर डॉक्टर सहसा अमॉक्सिसिलिन, बरेचदा क्लॅव्हुलॅनेटसह, देतात. तोवर पॅरासिटामॉल आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नको.

मेंदूपर्यंत जाणं क्वचित होतं, पण होतं, हे मी नाकारत नाही. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसायला लागले, मान आखडली, डोकं असह्य दुखतंय किंवा माणूस भ्रमल्यासारखं बोलतोय, तर दहा दिवस मोजू नका आणि ग्रुपवर विचारतही बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठा.