हात मोकळे करून घ्या

गाडी चालवताना फोन कानाला लावणं बरं नाही, हे अखेर तुम्हाला पटलं आहे. कान आणि खांदा यांच्या चिमट्यात फोन पकडून तुम्ही इतकी वर्षं वळणं घेतलीत, त्याबद्दल तुमच्या मानेचा खरं तर सत्कारच करायला हवा. पण आता पुरे. हँड्सफ्री किट आणायचं, गाडीत बसवायचं, आणि हात मोकळे करून घ्यायचे.

काही जण हे काम जाणकाराकडून करून घेतात. त्यांची गाडी लगेच परत मिळते आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरत नाही. तुम्ही मात्र स्वतःच बसवा. एका सुट्टीचं काम आहे. मोठी सुट्टी असली तर उत्तम.

खोक्यातली पुस्तिका सुरुवातीलाच सांगते, की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे भित्र्यांसाठी आहे. वायर काढली की गाडीचं घड्याळ बिघडतं, आणि गाडीतले काही टेप, म्हणजे गाणी-रेडिओ वाजवणारी यंत्रं, तर वीज परत आल्यावर कोड मागतात. तो कोड एका चिमुकल्या कार्डावर असतो आणि ते कार्ड कुठे आहे हे गाडीच्या आधीच्या मालकाला माहीत. तेव्हा बॅटरी जोडलेलीच राहू द्या. चालू तारेला आणि गाडीच्या पत्र्याला तुमचं अवजार एकाच वेळी टेकलं की छानशी ठिणगी पडते आणि कुठला तरी फ्यूज जातो. कुठला, ते घाईनं शोधू नका. अंधार पडला की किंवा हॉर्न दाबायची वेळ आली की आपोआप कळतं.

डॅशबोर्डच्या पट्ट्या उचकटायला प्लास्टिकची चपटी अवजारं मिळतात. ती नकोत. घरातला सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, फटीत खुपसा आणि दाबा. या कामात माझा कान चांगला तयार झाला आहे, म्हणून सांगतो: ‘टॉक्’ असा आवाज आला तर क्लिप सुटली, ‘तच्’ असा आला तर तुटली. माझ्या गाडीत तीन टॉक् आणि पाच तच् झाले. तेव्हापासून खड्डा आला की डॅशबोर्ड करकरतो, आणि मागे बसलेली मंडळी विचारतात, गाडीत कोणी दात खातंय का?

आता टेप बाहेर ओढा. त्याच्या मागे तारांचा जो गुंता दिसेल, त्याकडे शांतपणे पाहा. बाजारातल्या टेपच्या तारांचा एक सर्वमान्य हिशेब आहे: पिवळी म्हणजे कायम 12 व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी वीज, काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जोडायची तार. गंमत अशी, की हा हिशेब गाडी बनवणाऱ्यांवर बंधनकारक नाही. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये प्रत्येक कंपनीचा रंगपंचमीचा कार्यक्रम वेगळा असतो, आणि काही गाड्यांत लाल-पिवळीच्या जागाच उलट्या असतात. मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, लावून पाहिलं की दोन मिनिटांत खरं काय ते कळतं, म्हणून तो लावू नका. मी माझ्या मेहुण्याला टॉर्च धरायला बसवलं होतं. ‘दाजी, ही लालच आहे, पण जरा नारिंगीकडे झुकतेय,’ असं तो म्हणाला, आणि तेवढ्यावर आम्ही निर्णय घेतला.

निर्णय चुकला तरी फळ मिळतंच. किट कायम विजेवर गेलं, तर गाडी बंद असतानाही ते जागं राहून बॅटरी पीत बसतं. चार दिवस गाडी हलली नाही तर पाचव्या दिवशी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘कट् कट्’ ऐकू येतं. उलट टेपच्या स्मरणाची तार किल्लीच्या विजेवर गेली, तर गाडी बंद केली रे केली की तो सगळी स्टेशनं विसरतो आणि रोज सकाळी तुम्हाला नव्यानं भेटतो. शिवाय म्यूटची एक तार असते. फोन आला की टेपनं गप्प बसायचं, एवढंच तिचं काम. ती भलतीकडे जोडली तर टेप कायमचा मौनात जातो. घरातल्या काही जणांना हे आवडण्याची शक्यता आहे.

जोड देताना सोल्डर वगैरेच्या भानगडीत पडू नका. तारा पिळायच्या आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची. उन्हात तापलेल्या गाडीत तिचा डिंक पाघळतो, ती हळूहळू उलगडते आणि एक दिवस तार मोकळी होते. हातांच्या आधी तार, एवढंच. अर्थ देण्यासाठी रंग दिलेला एखादा स्क्रू निवडा. म्हणजे रंगामुळे जोड कच्चा राहील आणि ॲक्सिलरेटर दाबाल तसा स्पीकरमधून डासासारखा आवाज चढत जाईल. हा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा सूर. काही दिवसांनी गाडीचा वेग त्यावरूनच ओळखता येतो.

माइकची तार काचेच्या बाजूच्या खांबातून वर न्यायची असते. इथे मी विनोद बाजूला ठेवतो, एका परिच्छेदापुरता. बऱ्याच गाड्यांत त्या खांबाच्या अस्तरामागे पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग असते. ती फुगायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि तिच्यावरून नेलेली तार किंवा तिथे बसवलेला माइक वाटेत आला तर तोही तितक्याच वेगानं तुमच्याकडे येतो. पिवळ्या आवरणातल्या तारा आणि पिवळे प्लग दिसले तर हात आवरा, ते सहसा एअरबॅगचे असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावून ‘वीज आहे का’ पाहू नये. बॅटरी काढल्यावरही काही मिनिटं थांबावं लागतं, कारण त्या यंत्रणेत वीज साठून राहते. एवढं बोलून मी पुन्हा सल्ल्याकडे वळतो.

माइक कुठे लावायचा? तोंडासमोर, सन व्हायजरजवळ, एसीच्या झोतापासून लांब, असं पुस्तिका म्हणते. तुम्ही तो एसीच्या जाळीवर लावा. तिथे चिकटायला जागा सपाट असते. समोरच्या माणसाला तुम्ही वादळात सापडलेल्या होडीतून बोलताय असं वाटेल आणि तो फोन लवकर आटपेल.

मग ब्लूटूथ जोडा. हे नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं. त्यानं आपापसांत भांडणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणे. तुमचा फोन आणि तुमचं किट एकत्र आणायला मात्र तो येणार नाही. जोडणीचा कोड मागितला तर 0000 टाका, नाही झालं तर 1234. झालं की किट तुमची सगळी फोनबुक स्वतःकडे ओढून घेतं, आणि तुम्ही दिमाखात आवाजी हुकूम देता: ‘सुहासला फोन लाव.’ किट विचार करतं आणि सासूबाईंना लावतं. चारही स्पीकरमधून घंटा वाजते. बंद करायचं बटण कुठलं, ते पुस्तिकेत आहे. पुस्तिका डॅशबोर्डच्या आत राहिली आहे.

बाकी गाडीत बसलेल्यांची आता मोठी सोय झाली. साहेब तुम्हाला कसे बोलतात, डॉक्टरांनी तुम्हाला काय खायला मनाई केली आहे, ‘गाडीत कोणी आहे का? मग एक सांगते’ यानंतर काय सांगितलं जातं, हे सगळं चार स्पीकरवर घुमतं.

आणि हात? ते मोकळे झाले की. मोकळे हात काय करतात पाहिलंत का? ते बोलायला लागतात. ‘अहो, एवढा मोठा होता’ म्हणताना एक हात स्टेअरिंग सोडून हवेत माप दाखवतो. पलीकडच्याला ते दिसत नाही, याची हाताला फिकीर नसते. डोळ्यांचंही तसंच. नाव कुणाचं आलं हे पाहायला ते दोनच सेकंद पडद्यावर जातात. ताशी 72 किलोमीटरला गाडी तेवढ्यात 40 मीटर पुढे जाते.

तुमच्या उत्साहावर पाणी टाकणारे लोक जगात आहेतच. 1997 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी टोरांटोच्या 699 चालकांचे फोन आणि अपघात ताडून पाहिले. फोनवर असताना टकरीचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा काही सुरक्षित दिसला नाही. 2006 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून वाईट केलं: माणसांना गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसवून एकदा दारू पाजली आणि एकदा फोनवर बोलतं केलं. प्यायलेल्यांपैकी कोणी धडकलं नाही. फोनवर बोलणाऱ्यांतले तिघे पुढच्या गाडीवर आदळले. फोन हातात होता की नव्हता यानं फरकच पडला नाही, कारण गुंतलेलं असतं ते डोकं, आणि डोकं मोकळं करायचं किट त्या खोक्यात येत नाही. असल्या गोष्टी वाचत बसू नका. तुमचे पाच तच् वाया गेले असं उगाच वाटेल.

त्यापेक्षा गाडी बाहेर काढा आणि पहिला फोन घ्या. बोटांच्या पेरांवर पट्ट्या आहेत, डॅशबोर्ड करकरतोय, अल्टरनेटर गातोय. बटण दाबा. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मान सरळ. मोठ्यानं म्हणा, ‘हॅलो, मी गाडीत आहे, बोला!’

‘काही ऐकू येत नाही हो,’ पलीकडून आवाज येईल. ‘विहिरीतून बोलताय की काय? जरा फोन हातात घेऊन बोला ना.’