खेकडा टँकमध्ये चालतो का, असे विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका परिचितांनी टाकलेला फोटो पाहिला आणि दिवसभर तो डोक्यातून गेला नाही. खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टँकसाठी नव्याने आणलेल्या पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांतून त्यांनी नखाएवढा, चकचकीत अंगाचा एक खेकडा चिमट्याने ओढून काढला, गोड्या पाण्यात बुडवून मारला आणि एक शत्रू कमी झाला अशा थाटात त्याचे प्रदर्शन मांडले. खाली शाबासकीची रांग लागली होती. फोटोवरून तरी तो ट्रॅपेझिया दिसत होता, म्हणजे ज्याचे आयुष्य त्या फांद्यांतच जाते, जो प्रवाळाचा चिकट स्राव खातो, त्यावर साचलेला गाळ काढून टाकतो आणि समुद्रात प्रवाळ फस्त करणारा काटेरी मुकुटाचा तारामासा चालून आला, तर त्याच्या नळीसारख्या पायांना नांग्यांनी चिमटे काढून त्याला परतवून लावतो. राखणदारालाच ठार करून त्याबद्दल टाळ्या मिळवायच्या, याला काय म्हणावे?

संताप अधिक याचा आला, की खेकडा दिसताच मारा असे सांगणारे हेच लोक विक्रेत्याने 'रीफ सेफ', म्हणजे प्रवाळाला धोका नसलेला, म्हटल्याबरोबर रिकाम्या शंखात राहणारे मूठभर हर्मिट खेकडे पिशवीत भरून आणतात. दोन्हीकडे कारण एकच आहे: तो कोणता खेकडा, तो काय खातो आणि ते खाणे संपल्यावर काय खाईल, हे विचारण्याचे कष्ट कुणाला नकोत. पोर्सेलिन खेकडा आणि एमराल्ड खेकडा यांची राहणी इतकी निराळी आहे, की दोघांबद्दल एकाच दमात हो किंवा नाही म्हणणे हा शुद्ध आळस आहे.

माझ्या टँकमधला एमराल्ड खेकडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. दगडांवर हिरव्या काचेच्या मण्यांसारखे बबल अल्गी हे शेवाळ माजले होते म्हणून मी त्याला आणले. त्याच्या नांग्यांची टोके चमच्यासारखी खोलगट असतात, शेवाळ खरवडायला ती अगदी सोयीची, आणि त्याने ते काम इतके मन लावून केले की दगड पुन्हा स्वच्छ दिसू लागले. पुढे एका रात्री लाल प्रकाशाच्या टॉर्चमध्ये तो झोअँथिड या प्रवाळासारख्या मऊ जीवांच्या वसाहतीवर बसून त्यातला एकेक जीव, म्हणजे पॉलिप, शांतपणे खुडताना सापडला. मला धक्का बसला नाही, रागही आला नाही. शेवाळ संपले होते, तो अंगाने वाढला होता आणि त्याला भूक लागली होती. यात विश्वासघात कुठे आला?

काहींचे एमराल्ड जन्मभर प्रवाळाला नांगी लावत नाहीत, हे मान्य. पण अशा टँकमध्ये बहुधा माशांचे खाणे इतके सांडत असते, की खेकड्याला भुकेची वेळच येत नाही. 'आमचा खेकडा बिघडला' असे कुणी लिहिले की मला माझा तो रात्रीचा एमराल्ड आठवतो.

हर्मिटांबद्दल मात्र मी इतकी उदार नाही. निळ्या पायांचे ते छोटे खेकडे शेवाळ आणि उरलेसुरले अन्न साफ करतात, यात शंका नाही. परंतु अंग वाढले की त्यांना मोठे घर लागते आणि जवळ रिकामा शंख नसेल, तर ते जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख तळाशी ठेवले तर हत्या कमी होतात, थांबतातच असे नाही. तेव्हा टँकमधले शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायींवर जीव असलेल्यांनी हर्मिट आणूच नयेत, असे मी स्पष्ट सांगते.

ॲरो क्रॅब ब्रिसलवर्म हे केसाळ किडे खातो म्हणून आणायचा आणि मग त्याने पिसांसारखा पंखा पसरणारे फेदर डस्टर किडेही फस्त केले, लहान माशांवर झडप घातली की रडायचे, हेही नेहमीचेच. डेकोरेटर खेकडा तर आपल्या झोअँथिडचे तुकडे तोडून स्वतःच्या पाठीवर मिरवतो. पाहायला मौज वाटते, हे कबूल. तरी तो माझ्या टँकमध्ये येणार नाही. सॅली लाइटफूट हा खेकडाही नाही, कारण लहानपणी शेवाळ खाणारी ती सुंदर चपळ पोर मोठी झाली की झोपलेल्या लहान माशांच्या मागे लागू शकते.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, म्हणून चांगल्या खेकड्यांविषयीही लिहिते. ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात राहणारा पोर्सेलिन खेकडा तोंडाजवळचे केसाळ पंखे पाण्यात फिरवून तरंगते कण गाळून खातो. त्याला प्रवाळाशी काही देणेघेणे नसते. दोन्ही नांग्यांत इवलीशी ॲनिमोन धरून फिरणारा पोम-पोम खेकडाही तितकाच निरुपद्रवी आहे. मात्र मोठ्या टँकमध्ये तो फारसा दिसत नाही आणि दांडग्या माशांसमोर त्याचा टिकाव लागत नाही. खेकड्यापासून टँक सुरक्षित आहे का, असे सगळेच विचारतात. टँकमध्ये खेकडा सुरक्षित आहे का, हे फार थोडे विचारतात. मुख्य टँकमध्ये तांबे असलेले औषध ओतणाऱ्यांनी तर हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण माशांचा रोग बरा करणारी ती मात्रा खेकड्यांचा जीव घेते.

माझा एमराल्ड आता सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत, राहतो आणि वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे तुकडे माझ्या बोटांतून ओढून घेतो. त्याने पहिल्यांदा कात टाकली तेव्हा तळाशी पडलेले रिकामे कवच पाहून घरच्यांना तो मेला असेच वाटले होते. तो मात्र नवे मऊ अंग कडक होईपर्यंत दगडाच्या कपारीत दडून बसला होता. कवच लगेच उचलून फेकणाऱ्यांनी ते आधी उलटून, आत पोकळ आहे का, एवढे तरी पाहावे.

आणि सगळेच पाहुणे खेकडे सज्जन असतात, असे माझे म्हणणे नाही. लाइव्ह रॉकमधून, म्हणजे जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडातून, केसाळ अंगाचा, जाड आणि काळ्या टोकांच्या नांग्यांचा खेकडा निघाला, तर तो वेगळा काढलेलाच बरा. रात्री काचेचा पेला दगडाला तिरका टेकवून त्यात कोळंबीचा तुकडा ठेवला, तर तो बहुतेक वेळा आत उतरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. ओळख पटत नसेल तर पाठ, पाय आणि नांग्यांची टोके स्पष्ट दिसतील असा फोटो, शक्यतो निळे दिवे बंद करून, मला पाठवा. मी पाहून सांगेन, आणि तोवर त्याला सम्पमध्ये ठेवा.