‘कागदाने कधी कुणाचा जीव घेतला नाही’ असं लिहिणाऱ्या वाचकांना

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. रुग्णालयातल्या नोंदी संगणकावर आणण्याबद्दलचा माझा लेख तुम्हाला ‘एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक’ वाटला. मत पटलं नाही तर जरूर सांगा. पण मी कुणाचे तरी पैसे घेऊन लिहिते असं सुचवायला काही आधार लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही. ‘बाईंनी आधी चार दिवस वॉर्डात काढावेत,’ असंही तुम्ही सुनावलंत. वॉर्डात मी एकोणीस वर्षं काढली आहेत, त्यातली निम्मी रात्रपाळीत.

एक चूक मान्य. वॉनाक्रायचा, म्हणजे संगणकातल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला मे २०१७ मधला, मी जून लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे.

आता तुमचं ते वाक्य. कागदाने कधी कुणाचा जीव घेतला नाही?

इन्सुलिनचंच बघा. ‘युनिट’ असं पूर्ण न लिहिता आकड्यापुढे नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर काढायची सवय फार जुनी. घाईत त्या अक्षराचं तोंड वरून मिटलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. दहापट इन्सुलिन! साखर इतकी उतरते की रुग्ण बेशुद्ध पडतो, वेळेवर लक्षात आलं नाही तर दगावतो. म्हणूनच जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, तेव्हा त्यात हा ‘यू’ घातला. संगणकावर मात्र ‘युनिट’ पूर्ण उमटतं, अक्षर लावत बसावं लागत नाही.

आणि माझ्या वडिलांचं सांगते. त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी होती. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने तसं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. वॉर्ड बदलताना वर नवीन पान लागलं, लाल ओळ तिसऱ्या पानावर गेली आणि तिच्यावर रक्ततपासणीची घडी घातलेली चिठ्ठी टाचली गेली. रात्री इंजेक्शन दिलं गेलं. काही मिनिटांत ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. ॲड्रेनलिन वेळेत मिळालं म्हणून ते वाचले. ती सिस्टर निष्काळजी नव्हती. चाळीस रुग्ण एकटीच्या अंगावर असताना तिने वरचं पान पाहिलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मनगटावरचा बारकोड स्कॅन करायची सोय असती आणि ॲलर्जीची नोंद संगणकात असती, तर औषध सिरिंजमध्ये भरण्याआधीच स्क्रीनवर इशारा आला असता. हे मी माहितीपत्रकात वाचलेलं नाही. त्या खाटेशेजारी मी उभी होते.

डॉक्टर रुग्णाकडे न बघता स्क्रीनकडे बघतात, सतत येणाऱ्या इशाऱ्यांना कर्मचारी विटतात, हल्ला झाला की सगळं ठप्प होतं, या तुमच्या बाकीच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत. वॉनाक्रायपुरतं सांगते: मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती बसवली नाही त्यांची यंत्रं अडकली. उरलेल्या दोन मुद्द्यांत मी आज शिरणार नाही.

लेख आवडला नाही तर नका वाचू. ‘माहितीपत्रक’ हा शब्द मात्र मागे घ्या.